पोसो ओन्दोचे तीनशे सत्त्याण्णव पाय

माणसाला पाय असतात आणि ते मळतात. मानवसेवेची सगळी इमारत या दोन साध्या गोष्टींवर उभी आहे. पाय मळले नसते तर ते धुवावे लागले नसते, आणि धुवावे लागले नसते तर 'नम्र पावलांची मंडळी' या उत्तरेकडच्या ख्रिस्ती संस्थेला दर फेब्रुवारीत छत्तीस माणसे, दोन बसगाड्या आणि नव्वद पंचे घेऊन होन्दुरासच्या डोंगरात येण्याचे काही कारणच उरले नसते.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. (शिष्य बारा, पाय चोवीस, वेळ एक संध्याकाळ, फोटो एकही नाही.) मंडळीने त्या सुरुवातीपासून पुष्कळ मजल मारली. सहा वर्षांत या एका जिल्ह्यात तिने अकरा हजार दोनशे पाय धुतले. पोसो ओन्दो या गावाचे पाय तर चारदा धुऊन झाले, आणि तरीही ते पुन्हा मळतात. यावरून तिथली गरज किती खोल आहे ते लक्षात यावे.

पोसो ओन्दो म्हणजे खोल विहीर. गावात विहीर नाही, पण बासष्ट घरे, एकशे नव्याण्णव माणसे आणि तीनशे सत्त्याण्णव पाय आहेत. (गावच्या रोमाल्दोचा एक पाय लाकडाच्या गिरणीत गेला. मंडळीच्या अहवालात आकडा चारशे असतो, कारण रोमाल्दोच्या कुबडीचेही टोक श्रद्धेने धुतले जाते, आणि उरलेले दोन आकडा गोल दिसावा म्हणून.) पाणी समितीची अध्यक्ष दोन्या (म्हणजे बाई) निकोलासा. वय अठ्ठावन्न, गुडघा एक चांगला, एक नावापुरता. तिचा मुलगा नोएल उत्तरेत लोकांच्या मोटारी धुतो, आणि उत्तरेतले लोक इथे येऊन त्याच्या आईचे पाय धुतात. अशा रीतीने दोन देशांमधला धुण्याचा व्यवहार बरोबरीत राहतो.

गावाच्या मधोमध एक हापसा आहे. तो दुसऱ्याच एका संस्थेने बसवला आणि त्यावर आपल्या नावाची पितळी पाटी लावली. पाटी उत्तम स्थितीत आहे. हापसा चौदा महिने बंद होता, कारण त्याच्या पोटातला रबरी वायसर एका जागी फाटला. वायसर साधा होता, गोल: बाहेरून दोन इंच तीन सूत, आतून एक इंच एक सूत, जाडी तीन सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि दोन इंची आहे, अडीच इंची आहे, मधलं काही नाही असे सांगितले. "ज्यांनी पंप दिला त्यांनाच विचारा, दोन्या निको. हे माप आपल्याकडचं नाही." ज्यांनी पंप दिला ते आता दुसऱ्या खंडात दुसऱ्या दुःखावर काम करत होते. टायर कापून केलेला वायसर दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी त्याने मान टाकली.

तेव्हापासून गाव ओढ्यावरून पाणी आणू लागले. ओढा खाली चाळीस मिनिटे, आणि वर यायला भरल्या घागरीने एक तास. हेही निकोलासाने सहन केले असते. पण नोएलची बायको देल्मी सातव्या महिन्यात होती, त्या वाटेवर दोनदा घसरली होती, आणि बाळंतपण होईपर्यंत हापसा चालू झालाच पाहिजे एवढे एकच म्हातारीने मनाशी धरले होते.

तिने प्रयत्न केले नाहीत असे कोणी म्हणू नये. मंडळीचा या भागातला समन्वयक लिसेन्सियादो ओस्मिन (लिसेन्सियादो म्हणजे पदवीधर; गावासाठी नुसता 'लिक') हा अकरा खिशांचे जाकीट घालणारा भला तरुण होता. त्याने गावात सहभागी गरज-निश्चिती कार्यशाळा घेतली. पिवळ्या कार्डावर गरज लिहायची, हिरव्यावर स्वप्न, गुलाबीवर भीती. निकोलासाने तिन्ही कार्डांवर 'वायसर' लिहिले.

"दोन्या निको, ही गरज नाही, ही वस्तू झाली," ओस्मिन समजुतीने म्हणाला.

"मग वस्तूचीच गरज आहे, लिक."

"खरी गरज खाली दडलेली असते. पाच वेळा 'का' विचारलं की ती वर येते. वायसर का हवा?"

"पाणी यावं म्हणून."

"पाणी का यावं?"

"प्यायला."

"प्यायला का?"

निकोलासाने त्याच्याकडे निरखून पाहिले. "लिक, तुमच्या आईनं तुम्हाला लहानपणी पाजलं तरी काय हो?"

सगळे खदखदून हसले. ओस्मिनने ते 'सहभाग : उत्तम' असे नोंदवले. पाचव्या 'का'च्या शेवटी गावाची खरी गरज वर आली. ती होती आत्मविश्वासाचा अभाव. मग आत्मविश्वासावर दोन दिवसांची कार्यशाळा झाली, मध्ये कॉफी आणि रोस्किया नावाची बिस्किटे मिळाली, हजेरीपटावर सह्या व अंगठे झाले, आणि प्रत्येकाला प्लॅस्टिकच्या वेष्टनातले प्रमाणपत्र देण्यात आले. निकोलासाकडे अशी एकतीस प्रमाणपत्रे होती. त्यांपैकी अकरा हात धुण्याच्या योग्य पद्धतीबद्दल होती, आणि ती तिने कोंबड्यांच्या खुराड्यावर पावसासाठी ठोकली होती. पाणी आत येऊ न देण्याच्या कामी ती फार उपयोगी पडत.

वायसर देण्यात मंडळीच्या दोन अडचणी होत्या, आणि त्या रास्तच होत्या. पहिली अशी की वायसर म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्तीला फीत कापता येत नाही. दुसरी अशी की हापशावर पाटी दुसऱ्या संस्थेची होती. एकाच्या पाटीखाली दुसऱ्याने पाणी काढणे सेवाक्षेत्रात अशिष्ट समजतात.

जानेवारीच्या शेवटी ओस्मिन पाचव्या पायधुणीची तारीख घेऊन आला. सोबत परिपत्रकही होते, आणि ते त्याने हापशाला टेकून मोठ्याने वाचले:

एक. लाभार्थींनी पाय आधी धुऊन येऊ नये.
दोन. पाय मध्यम मळलेले असावेत. (धूळ चालेल. शेण शक्यतो टाळावे.)
तीन. रविवारचे बूट घालू नयेत. बूट नसल्यास उत्तम.
चार. पाय धुतले जात असताना लाभार्थीने दूर डोंगराकडे पाहावे. घड्याळाकडे पाहू नये.
पाच. लाभार्थींनी काही मागू नये, पाहुण्यांनी काही कबूल करू नये. नाते मागण्यापलीकडचे आहे.
सहा. पाणी गावाने पुरवावे. त्यातून मालकीची भावना येते.

पहिल्या कलमामागे इतिहास होता. पहिल्या वर्षी पाहुणे पाय धुणार म्हटल्यावर सगळ्या बायकांनी घरी दोन-दोनदा पाय घासले, नखे काढली, रविवारचे बूट घातले. परक्या माणसापुढे मळका पाय करायचा म्हणजे काय? शरम नावाची काही चीज असते. पाहुण्यांनी बूट काढले तर आत दुधासारखे पाय. पाणी जसे ओतले तसेच स्वच्छ खाली पडले. फोटोत कोण कोणाचे पाय धुतो आहे आणि कशासाठी, याचा काही उलगडा होईना. ते वर्ष मंडळीत 'आध्यात्मिक कोरडे वर्ष' म्हणून ओळखले जाते. पुढे बायकांनी मधला मार्ग काढला. पाय घरी स्वच्छ धुवायचे, आणि मग अंगणात दोन फेऱ्या मारून नेमून दिलेली धूळ लावून घ्यायची.

पण या वर्षी घोडे नव्यानेच घातलेल्या सहाव्या कलमाशी अडले.

"पाणी कुठून आणायचं, लिक?" निकोलासाने विचारले. "तुम्ही ज्याला टेकलात ना, तो बंद आहे."

ओस्मिन दचकून सरळ झाला. त्याने मोबाईल काढून हिशोब केला. तीनशे सत्त्याण्णव पाय, पायामागे अडीच लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सदुसष्ट घागरी. घरटी एक खेप, उरलेल्या पाच समितीने वाटून घ्याव्यात.

"म्हणजे आमचे पाय धुण्यासाठी आम्ही ओढ्यावर जायचं."

"हो."

"जाऊन येताना पाय मळणार."

"अगदी बरोबर," ओस्मिनचा चेहरा उजळला. "म्हणजे दुसरं कलम आपोआपच पुरं होतं. यालाच शाश्वत म्हणतात, दोन्या निको."

बुधवारी खेपा सुरू झाल्या. निकोलासाने देल्मीला घराबाहेर पाऊल टाकायचे नाही अशी ताकीद दिली, आणि स्वतः एक घरची आणि एक समितीची अशा दोन घागरींचा भार आपल्या दीड गुडघ्यावर घेतला. पहिली घागर घेऊन ती वर येते तो वाटेच्या वळणावर देल्मी. रिकामी घागर घेऊन निघालेली पोर ओल्या दगडावरून घसरली होती आणि चिखलात बसून पोट धरून हसत होती. जरा जवळून पाहिल्यावर कळले की ती रडतही होती.

"पडले नाही, आई. बसलेय नुसती."

"कशाला आलीस? कशाला मरायला आलीस इथं?"

"तुमचा गुडघा..."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय! तो अठ्ठावन्न वर्षं चालतोय. ऊठ. नको, उठू नको. हलतंय का बघ आधी. हलतंय का?"

हलत होते. निकोलासाने आपला हात त्या पोटावर ठेवला तेव्हा आतून चांगली सणसणीत लाथ बसली. तरी म्हातारीने दुसऱ्या लाथेची वाट पाहिली. ती मनापासून घाबरली होती, आणि भीती ओसरल्यावर तिला असा राग आला की डोळ्यांसमोर अंधारी यावी. इतक्या लोकांना तिच्या पायांची काळजी होती आणि एकालाही ती कुठून चालत येते ते विचारायचे सुचत नव्हते.

घरी येऊन तिने एप्रनच्या खिशातून फाटका वायसर काढला. चौदा महिने तो तिने जपून ठेवला होता. या काळात तिने तो ओस्मिनला सहा वेळा, पाद्रीबाबांना दोनदा आणि एकदा मते मागायला आलेल्या उमेदवाराला दाखवला होता. हातात धरलेली वस्तू लोक पाहत नाहीत हे तिला पुरते कळून चुकले होते. तोंडाकडे तर कोणी पाहतच नाही. पण एक जागा अशी होती की जिच्याकडे शनिवारी एक धडधाकट माणूस गुडघे टेकून, डोळे भरून, तब्बल दोन मिनिटे पाहणार होता. तिने वायसर डाव्या पायाच्या अंगठ्यात सारला. फाटलेला असल्यामुळे तो अलगद बसला, एखाद्या थोराड जोडव्यासारखा.

"आई, हे काय?" देल्मीने विचारले.

"अर्ज," निकोलासा म्हणाली.

शनिवारी बस आल्या. मैदानात खुर्च्यांच्या रांगा, पुढे तसराळी, बाजूला सदुसष्ट घागरी. पाहुण्यांच्या प्रमुख सिस्टर ब्रेंडा. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता आणि डोळ्यांत पाणी तयार होते. निकोलासाच्या वाट्याला ब्रदर हॅरल्ड आला. एकाहत्तर वर्षांचा, लालबुंद मानेचा, हाताची बोटे मुळ्यासारखी जाड. चव्वेचाळीस वर्षे त्याने नळकाम केले होते. पंप, टाक्या, तुंबलेली गटारे. मंडळीने त्याला या सहलीत प्रथमच 'हाताने काही न करता नुसते सोबत असण्याचा' अनुभव देऊ केला होता.

हॅरल्ड कुरकुरत गुडघ्यांवर बसला. उजवा पाय धुऊन झाला. त्याने डावा पाय उचलला आणि तो तसाच हातात धरून थांबला. मग त्याने अंगठा फिरवून पाहिला, वायसरच्या फटीवरून नख फिरवले, खिशातून चष्मा काढून लावला.

"हे पंपाचं आहे," तो आपल्या भाषेत म्हणाला. "कुठला पंप आहे? विचार तिला."

विचारायचे काम दुभाषी ओस्मिनचे होते, आणि ओस्मिनपुढे धर्मसंकट उभे राहिले. पाचवे कलम त्याने स्वतः वाचून दाखवले होते. पाहुण्याने विचारले म्हणजे कबूल केल्यासारखे, लाभार्थीने उत्तर दिले म्हणजे मागितल्यासारखे.

"ब्रदर विचारतायत, बरं चाललंय ना?" त्याने निकोलासाला सांगितले.

"बरं चाललं असतं तर हे अंगठ्यात कशाला घातलं असतं? सांगा त्यांना, असलंच एक पाठवा म्हणावं. धड."

ओस्मिनने कपाळावरचा घाम पुसला आणि भाषांतर केले: "त्या म्हणतात, ही आमच्या गावाची खूण आहे. तुम्हा सगळ्यांच्या पायात अशी एक असावी अशी त्यांची प्रार्थना आहे."

सिस्टर ब्रेंडांनी छातीवर हात ठेवला. आजूबाजूच्या तीन पाहुण्यांनी धुणे थांबवले.

निकोलासाने हे लक्षण ओळखले. आपले म्हणणे कुठेतरी भलतीकडे चालले आहे हे माणसाला परक्या भाषेतही कळते. तिने हॅरल्डच्या डोळ्यांत डोळे घातले आणि ओठांचा चंबू करून हापशाकडे दाखवले. (पोसो ओन्दोत दिशा ओठांनी दाखवतात. बोट गुरांकडे दाखवायचे.)

"अगं बाई, पापा देतेय!" सिस्टर ब्रेंडा हुंदका आवरत म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढला.

हॅरल्डने मात्र ओठांच्या रोखाने पाहिले. हापसा वीस पावलांवर होता. तो ओल्या हातांनी उठला, चालत गेला, दांड्याला हात लावून एकदा वरखाली केले आणि कान लावून पोटातला पोकळ आवाज ऐकला. त्याच्या चेहऱ्यावर, मळके पाय सुरू झाल्यापासून प्रथमच, शांती दिसली.

"हॅरल्ड," सिस्टर ब्रेंडा मायेने म्हणाल्या, "आपण इथं काही दुरुस्त करायला आलेलो नाही. आपण फक्त जवळ बसायला आलोय."

"पाच मिनिटांचं काम आहे, ब्रेंडा. एक वायसर मिळाला तर."

"हीच ती आपली घाई. आपल्याला ऐकायला शिकायचंय."

हॅरल्ड परत येऊन बसला. निकोलासाने वायसर अंगठ्यातून काढून त्याच्या मुठीत कोंबला आणि वरून आपली मूठ आवळली. चव्वेचाळीस वर्षांच्या धंद्यात कोणी त्याला सुधारण्याजोग्या पंपाकडे पाठ करायला सांगितले नव्हते. तो थोराड माणूस त्या बाईचा पाय मांडीवर घेऊन रडला. मंडळीच्या वार्षिक अहवालात या प्रसंगाला पूर्ण पान आहे.

यानंतर उत्तरेत काय झाले ते ओस्मिनने पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितले. फोटो पसरला. गरीब स्त्री, रबराचे एकच आभूषण, आणि तेही पाहुण्याला देऊन टाकले! मंडळीच्या तरुण शाखेने ठरवले की ही कडी सर्वांनी घालावी. मूळ नमुना हॅरल्डकडून मागवला गेला. त्याने हा वायसर आहे, तो फाटला आहे आणि तिकडे बाळंत व्हायला आलेली मुलगी पाणी भरते आहे असे तीन वेळा सांगितले. (मुलगी त्याने मैदानाच्या कडेला पाहिली होती आणि पुढचे स्वतःच्या अकलेने ताडले होते.) सभेच्या टिपणात 'ब्रदर हॅरल्ड भावुक झाले' एवढी नोंद आहे. चौदा महिने जो वायसर येऊ शकला नाही, तो कडी झाल्याबरोबर सहा आठवड्यांत आला. एका नगाऐवजी चारशे नग, पायागणिक एक, कुबडीसह.

ओस्मिनने खोके हापशापाशी उघडले. निकोलासाने एक कडी उचलली. माप तेच, बाहेरून तेच, आतून तेच, जाडी तीच. तिच्या अंगावर काटा आला. "देल्मी! देल्मी, अगं आलं!" ती ओरडली. आणि मग तिने कडी उजेडात धरली.

"लिक, ही फाटकी आहे."

तिने दुसरी उचलली, तिसरी उचलली. प्रत्येक कडीला अगदी त्याच जागी तस्सेच चिरलेले होते.

"फाटकी नाही हो, अस्सल आहे," ओस्मिन म्हणाला. "मूळ नमुन्याबरहुकूम. चार-पाच अखंड आल्या होत्या म्हणे. हॅरल्डनं मध्येच घुसडल्या होत्या. तपासणीत सदोष ठरवून काढून टाकल्या."

निकोलासा मटकन हापशाच्या ओट्यावर बसली. इतक्या वर्षांत ओस्मिनने तिला चिडलेली, हसणारी, टोमणे मारणारी पाहिली होती. गप्प बसलेली प्रथमच पाहिली. त्यालाही वाईट वाटले. त्याच्या हजेरीपटात त्यासाठी रकाना नसल्यामुळे तो सह्या घेऊन निघून गेला.

त्या दुपारी देल्मी तव्यावरची मक्याची तोर्तिया घेऊन जेवायला बसली. तोर्तिया मधोमध फाटली आणि घेवड्याचा रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. निकोलासाने न बघताच दुसरी तोर्तिया घेतली आणि पहिलीच्या खाली सरकवली. तीही फाटलेलीच होती, म्हणून तिने ती जरा फिरवून दिली. रस्सा थांबला.

निकोलासा थबकली.

"आणखी एक फाटकी दे," ती म्हणाली.

"आई, मला एवढी भूक नाही."

"तोर्तिया नाही गं. कडी, कडी दे!"

दोन कड्या, एकावर एक, एकीची फट उजवीकडे आणि दुसरीची डावीकडे. नोएलचा जुना पाना घेऊन म्हातारीने हापशाचे पोट उघडले. तोवर सगळे गाव गोळा झाले होते आणि प्रत्येकजण सल्ला देत होता. त्यात रोमाल्दो सर्वांत पुढे. दांडा मारायला सुरुवात झाली. दहा वेळा हवा, वीस वेळा हवा. तिसाव्याला आत कोणीतरी खाकरल्यासारखा आवाज आला. चौतिसाव्याला पाणी आले. निकोलासाने तोंड धुतले, मग पुन्हा धुतले, कारण ती रडत होती आणि ते कोणाला दिसू द्यायचे नव्हते.

नऊ दिवसांनी देल्मीला मुलगी झाली, आल्बा. तिची पहिली अंघोळ हापशाच्या पाण्याने झाली. निकोलासाने ते इवलेसे पाय तळहातावर घेऊन धुतले तेव्हा तिला इतके सुख झाले की तसे पाच पायधुण्यांत कोणालाही झाले नसेल. या प्रसंगाचा फोटो नाही.

आठवडाभराने खोक्याच्या तळाशी एक चिठ्ठी सापडली. पेन्सिलने काढलेली दोन वर्तुळे, एकावर एक, फटी उलट्या दिशांना, बाण काढून दाखवलेल्या. खाली मोडक्या स्पॅनिशमध्ये 'माफ करा. हॅरल्ड.' निकोलासाने ती भिंतीवर लावली. तिच्या घरात भिंतीवर मानाने लावलेला तेवढाच कागद आहे, आणि त्याला वेष्टन नाही.

मंडळीच्या पुढच्या अहवालात पोसो ओन्दो यशोगाथा म्हणून आले. कडीमुळे स्त्रियांचा आत्मसन्मान अडुसष्ट टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. (उरलेले बत्तीस टक्के त्या वेळी हापशावर रांगेत होते.) पाण्याचा उल्लेख तळटीपेत आहे: 'अनपेक्षित परिणाम.' पुढच्या फेब्रुवारीत पाहुणे यायच्या आधी ओस्मिनने हळूच विचारून पाहिले की हापसा दोन दिवस चादरीने झाकता येईल का, कारण पाणी ओढ्यावरून आणले की कार्यक्रमाला खोली येते.

"झाकते की," निकोलासा म्हणाली. "पण मग सदुसष्ट खेपा तुम्ही करायच्या, लिक. मालकीची भावना येईल."

चादर काही पडली नाही.

या गोष्टीला चार वर्षे होत आली. आल्बा आता दांड्याला लोंबकळून हापसा मारते आणि गावभर ओरडत सुटते. कड्या मात्र शोभेच्या रबराच्या होत्या, आठवड्याला दोन झिजतात. चारशेपैकी अकरा उरल्या आहेत. म्हणजे पाच आठवडे, आणि वर एक, जी एकटी काही कामाची नाही. उत्तरेत कड्यांची लाट केव्हाच ओसरली. मंडळी आता लोकांना मिठ्या मारते, ज्याला वायसर लागत नाही. हॅरल्ड गेल्या हिवाळ्यात वारला. पाटीवाली संस्था बंद पडली. तालुक्याचा दुकानदार नमुना मागतो, आणि नमुना म्हणून त्याला कडी दिली तर तो ती अंगठ्यात घालून बघतो.

निकोलासा तरी अगदीच निराश झालेली नाही. कोणीतरी तिची गोष्ट लिहून घेतली आहे, ती दूरच्या देशात भल्या माणसांनी वाचली, त्यांना हसू आले आणि मधे एकदोनदा गलबलूनही आले, असे ओस्मिनने तिला सांगितले. तिने लगेच विचारले, "माप सांगितलंत ना त्यांना?" सांगितले आहे. अगदी सुरुवातीला, सुतासकट सांगितले आहे. वाचकाने क्षणभर डोळे मिटून ते आठवून पाहावे.

अंगठा कोणत्या पायाचा होता ते आठवत असेलच, पण ते विचारलेले नाही.